साडेछत्तीस इंची गज

क्लबच्या खोलीत वेताच्या सहा खुर्च्या होत्या, त्यांतल्या दोन बिनबैठकीच्या. एक लाकडी कपाट; कुलूप शाबूत, पाठीची फळी निघालेली. कपाटात चार रॅकेटी, तिघींची वीण तुटलेली, चौथीची सैल. अकरा चेंडू, दाबले की दबलेलेच राहणारे. उंदरांनी कुरतडलेलं एक जाळं. पंचाची एक उंच खुर्ची, तीन पायांवर भिंतीला टेकवलेली. भिंतीवर फोटो नसलेली एक चौकट. बाहेर मैदानावर जाळ्याचे दोन खांब, आणि रेषा जिथे जिथे मिळतात तिथे जमिनीत पुरलेल्या लोखंडी खुंट्या. त्या सोळा असायला हव्या होत्या. अकरा वरून दिसत होत्या, तीन शैलजानं खुरपीनं माती सारून शोधून काढल्या, दोन नव्हत्या. त्यांच्या जागी नुसती भोकं होती. तिनं रजिस्टरमध्ये लिहिलं, खुंट्या चौदा. मग थोडा विचार करून पुढे लिहिलं, जागा सोळा.

मिल बंद होऊन तीन वर्षं होत आली होती. हायकोर्टाच्या हुकमानं आता आतल्या प्रत्येक वस्तूची यादी होत होती, आणि ते काम ज्या व्हॅल्युअरकडे आलं होतं त्या भागवतांच्या ऑफिसात शैलजा सहा वर्षं नोकरीला होती. फिजिक्समधली बी.एस्सी. आणि मोजमापाची सवय, एवढ्या भांडवलावर. खात्यांची वाटणी झाली तेव्हा क्लब आणि मैदान तिनं मागून घेतलं. का, ते सांगितलं नाही. भागवतांनी विचारलंही नाही, ते फक्त चष्म्यावरून बघत म्हणाले होते, "टेनिस कोर्टात काय मोजायचंय शैलजाजी? दुनियाभर एकच साइज. तेवीस पॉइंट सत्त्याहत्तर बाय दहा पॉइंट सत्त्याण्णव. लिहून टाका आणि जल्दी बॉयलर हाउसला लागा." टेपचं दुसरं टोक धरणारा शिपाई नंदू त्या दिवशी आलाच नव्हता. त्याचा मेहुणा सुरतेहून पळून आला होता, आणि तिकडे प्लेग पसरलेला, त्यामुळे नंदूच्या बायकोनं घरातल्या सगळ्यांनाच बाहेर पडायची बंदी केली होती. शहरात अर्ध्या लोकांच्या तोंडाला रुमाल होते. शैलजाच्या गळ्यातही होता. मिलच्या आवारात माणूसच नाही म्हणून तिनं तो खाली ओढला होता. नंदू नाही म्हणजे पूर्ण लांबी होणार नव्हती. मध्ये गुडघाभर गवत, आणि तेवढा लांब टेप एकट्यानं ताणला तर झोळ घेतो. पण सर्व्हिसची रेषा आणि मागची रेषा यांच्यामधलं अंतर एकट्यानं घेता येण्यासारखं होतं. तिनं टेपची कडी एका खुंटीत अडकवली, दुसऱ्या खुंटीपर्यंत गेली, ओणवी झाली आणि आकडा वाचला. पाच मीटर छप्पन्न.

हे अंतर अठरा फूट असतं. पाच मीटर एकोणपन्नास. शैलजाला ते पाढ्यासारखं पाठ होतं. खुंटी वाकली असेल म्हणून तिनं शेजारची जोडी घेतली. पाच छप्पन्न. तिसरी जोडी मैदानाच्या पलीकडच्या अर्ध्या भागातली, तिच्यातली एक खुंटी नुकतीच मातीतून काढलेली, ओली, गांडुळाची माती चिकटलेली. पाच छप्पन्न. कॉलेजात प्रॅक्टिकलला शिकवलं होतं ते तिला शब्दशः आठवलं. चूक दर वेळी वेगळी आली तर ती हाताची असते, आणि दर वेळी तेवढीच आली तर ती मोजपट्टीची असते. तिनं सहज, म्हणजे आपण काय करतोय हे कळायच्या आत, डाव्या हाताची चार बोटं एकमेकींना चिकटवून टेपवर आडवी ठेवली. करंगळीची कड एकोणपन्नासवर आणि तर्जनीची छप्पन्नच्या जरा पुढे आली. ती तशीच ओणवी राहिली. पाठीवर ऊन होतं. गवतात कुठेतरी टोळ उडाला आणि थांबला. चार बोटं हे माप तिनं आयुष्यात एकदाच, पण फार जवळून पाहिलं होतं.

दिल्लीला, मार्चमध्ये, बारा वर्षांपूर्वी. नोव्हेंबरात दिल्लीलाच आशियाई खेळ व्हायचे होते आणि टेनिसच्या संघासाठी निवड चालू होती. मैदान मातीचं होतं, लाल, तिच्या ह्या मिलच्या मैदानापेक्षा मऊ. मातीवर चेंडू पडला की बदामासारखी खूण उठते. तिसऱ्या सेटमध्ये चार-चार असताना तिचा चेंडू मागच्या रेषेपाशी पडला, रेषेच्या पंचानं हात वर केला, आणि ती तशीच उभी राहिली म्हणून खुर्चीवरचे पंच खाली उतरून आले. म्हातारे, बुटके, पांढऱ्या पँटीच्या गुडघ्यावर माती. त्यांनी तिला खुणेपाशी बोलावलं आणि रेषा आणि खूण यांच्यामध्ये आपली चार बोटं ठेवून दाखवली. रागानं नाही. "देख लो बेटा." तिनं पाहिलं. चारही बोटं आरामात मावत होती. त्यानंतरचाही तसाच गेला, आणि त्याच्या पुढचा. मारताना प्रत्येक चेंडू हातातून बरोबर सुटत होता; मनगटाला, खांद्याला, दातांना सगळ्यांना माहीत होतं की हा आत आहे; आणि तो बाहेर पडत होता. शरीर एक सांगतंय आणि माती दुसरंच सांगतेय, आणि माती खोटं बोलत नाही. चार-सहा, सात-पाच, चार-सहा. निवड समितीतले एक जण तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाले होते, "खेल अच्छा है. हाथ लंबा पड़ता है तुम्हारा." तारेच्या कुंपणाबाहेर तिचे वडील, नाना, उभे होते. त्यांच्या हातात पोळ्यांचा डबा होता आणि ते हिंदीत, कुणालाच नाही असं, सांगत होते की बॉल अंदर था.

हात लांब पडतो. या तीन शब्दांवर तिनं पुढची बारा वर्षं काढली असं म्हटलं तर ते फार नाटकी होईल, आणि खरंही नाही. तिनं ती बी.एस्सी.वर, आईच्या आजारपणावर, भागवतांच्या ऑफिसावर, टेम्पोच्या धुरावर, इतर कुणाच्याही जातात तशीच काढली. पण ते शब्द होते. पोहे ताटलीत वाढताना जरा बाहेर सांडले तरी होते. मुलाकडचे बघायला आले आणि ती नको ते बोलून गेली तेव्हा होते. त्या नोव्हेंबरात मिलच्या क्लबात, ह्याच खोलीत, रंगीत टीव्ही आणला होता. टीव्हीखाली सागाचं नवं स्टँड, वर भरतकामाचा रुमाल. उद्घाटनाचं संचलन बघायला ऑफिसर, त्यांच्या बायका, आणि दारापाशी उभी राहायची परवानगी मिळालेली खात्यातली माणसं. भारताचा संघ आला तेव्हा पडद्यावर इतके जण होते की ओळखू कुणीच येत नव्हतं. शैलजा नुसते ब्लेझर मोजत होती, एकतिसाव्याला कॅमेरा हलला. टेनिसचे सामने लागले त्या दिवशी सगळे पडद्याकडे आणि मग जरा वेळानं तिच्याकडे बघायचे. तिला हरल्याचं वाईट वाटत नव्हतं. म्हणजे वाटत होतं, पण त्याला तळ होता. ज्याला तळ नव्हता ती गोष्ट अगदी लहान होती. सामना सुरू व्हायच्या आधी खेळाडू बाकावर बसून बूट बांधते आणि वरून कर्ण्यातून तिचं नाव पुकारतात, आणि नावापुढे देशाचं. शैलजा सुपेकर, भारत. तेवढं एकदा कानावर पडावं. जिंकणं-हरणं त्याच्या नंतरचं. पुढे कितीतरी वर्षं बसस्टँडवरची घोषणा ऐकताना, रेल्वेत, एकदा तर दवाखान्यात नंबर पुकारताना, कर्णा खरखरला की तिची बोटं बुटाच्या नाडीकडे जायची. पायात चपला असायच्या.

ती खेळायला लागली तीसुद्धा ह्या खुंट्यांमुळेच. मैदान ऑफिसरांचं होतं. नाना घडी खात्यात मुकादम होते. तयार झालेलं कापड जिथे मोजून, घडी घालून, छाप मारून बाहेर पाठवतात ते खातं. स्पिनिंग मास्तर मुजुमदारांनी मैदान करायचं ठरवलं आणि रेषा आखायचं काम नानांनी मागून घेतलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी नाना खुंटीला सुतळी बांधून चुन्याच्या रेषा नव्यानं मारायचे आणि ती सुतळीचं दुसरं टोक धरायची. मुजुमदारांच्या मंजिरीला खेळायला जोडीदार मिळेना म्हणून एका रविवारी तिनं सुतळी धरलेल्या मुलीच्या हातात रॅकेट दिली. दोन वर्षांत मंजिरीला ती पुरी पडेनाशी झाली. मंजिरी हसून म्हणायची, "अगं, हिला लाइन आधीपासून पाठ आहे, हिच्या बापानं काढलीय." खरंच होतं ते. शैलजाचा चेंडू मागच्या रेषेच्या अलीकडे वीतभर पट्टीत पडायचा, दहातले आठ. समोरच्याला मागे, आणखी मागे रेटायचा आणि मग पुढे टाकायचा, एवढाच तिचा खेळ. बाहेरगावी मात्र ती हरायची. ग्वाल्हेरला, भोपाळला, पहिल्या-दुसऱ्या फेरीत. घरचं मैदान आणि बाहेरचं मैदान, सगळे म्हणायचे, पोरगी घाबरते. तीही तेच म्हणायची. आणि ज्या साली दिल्लीला आशियाई खेळ व्हायचे त्या साली राज्याची निवड इंदूरला, ह्याच मैदानावर झाली. तिनं पाच सामने सरळ सेटमध्ये जिंकले. राज्यभरातल्या मुलींचे चेंडू आखूड पडत होते. बघणाऱ्यांनी वाखाणलं की सुपेकरची मुलगी प्रतिस्पर्ध्याला लांब खेळूच देत नाही.

आता, खुंटीपाशी बसून, तिला हे सगळं एकदमच दिसलं आणि त्यातलं काय आधी बघावं ते कळेना. चार बोटं फक्त सर्व्हिसच्या रेषेपासून मागच्या रेषेपर्यंतची होती. जाळ्यापासूनची किती असतील? हात लांब नव्हता. हात बरोबर होता, फक्त दुसऱ्या मैदानासाठी बरोबर. हा पहिला विचार, आणि तो इतका गोड होता की तिला तो दातांखाली चावता आला असता. पण ती शास्त्र शिकलेली होती आणि दुसरा विचार पाठोपाठ आलाच. मैदान लांब नसतं तर इंदूरची निवडच जिंकली नसती. ग्वाल्हेरसारखीच पहिल्या फेरीत गेली असती आणि दिल्ली कुंपणाबाहेरूनसुद्धा पाहिली नसती. ज्या चुकीनं तिला बाहेर काढलं, तिनंच तिला आत नेलं होतं. मग खरी ती कोणती? नेमक्या मापाच्या मैदानावर वाढलेली शैलजा सुपेकर किती खेळली असती, हे मोजायला कुठला टेप नव्हता. आणि तरीही, एवढा सगळा हिशोब स्पष्ट दिसत असूनही, तिला कुणीतरी म्हणायला हवं होतं की मुली, तुझा हात लांब नव्हता. हे म्हणू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि खुंट्या त्यानंच ठोकल्या होत्या.

बड्या गणपतीच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत ती पोचली तेव्हा नाना टीव्हीसमोर होते. जपानात हिरोशिमाला आशियाई खेळ चालू होते आणि जपानचा दिवस आपल्या आधी उजाडत असल्यामुळे नानांचा दिवसही पहाटेच सुरू होई. मिल बंद झाल्यापासून त्यांना वेळ कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. ते वर्तमानपत्राच्या घड्या घालायचे, काठ जुळवून, नखानं दाबून, आणि आठवड्याच्या शेवटी रद्दीचा गठ्ठा कापडाच्या थानासारखा बांधायचे. दुपारी सकाळच्या खेळांची क्षणचित्रं दाखवत होते. टेनिस लागलं होतं. आपल्याकडची एक मुलगी, कोण ते शैलजाला ठाऊक नव्हतं, मागच्या रेषेवरून हाणत होती, आणि पंचानं हात वर केला.

"बाहेर कुठे होता?" नाना पडद्याला म्हणाले. "आत होता बिल्कुल."

"नाना, रेषा दिसतेय ना समोर."

"रेषा दिसते. बॉल कुठे पडला ते आवाजावरनं कळतं. तुला दिल्लीला मारलं ना, तसंच मारून राहिले हिला." मग तिच्याकडे वळून, "चहा ठेवू? हात-पाय धू आधी, रुमाल बादलीत टाक. समोरच्या इंदिराबाई सांगत होत्या, टेट्रासायक्लिन संपली गावातली. मी म्हटलं बाई, प्लेगलासुद्धा बड्या गणपतीची ट्रॅफिक ओलांडून यायचंय."

ती हसली. हात-पाय धुऊन आली, आणि टॉवेलला हात पुसता पुसता, शक्य तेवढ्या साध्या आवाजात तिनं विचारलं, "नाना, मैदान आखलं तेव्हा टेप कुठली होती?"

"टेप? टेप कोण देतो. मुजुमदारसाहेब बोलले, रामभाऊ, इंजिनिअरिंगवाल्यांना बोलावतो. मी म्हटलं साहेब, सगळं गजातच तर आहे. लांबी सव्वीस, रुंदी बारा, आतली नऊ. गज तर आपला धंदा आहे. घडी खात्यातला पितळी गज आणला आणि दोन दिवसांत सोळा खुंट्या. एक सूत इकडे-तिकडे नाही."

"घडी खात्यातला गज म्हणजे..."

"तोच आपला. साडेछत्तीसचा."

"गज छत्तीस इंचांचा असतो, नाना."

"बाजारात," नाना म्हणाले, आणि लहान मुलीला समजवावं तसे पुढे सरकले. "दुकानदाराचा गज छत्तीस. मिलचा साडेछत्तीस. कपडा धुतला की आखडतो, मग गिऱ्हाईक म्हणणार मिलनं मारलं. म्हणून दर गजाला आधा इंच ऊपरवाले का. आमच्या खात्यात बोलायचेच तसं. दुसऱ्या मिलांचे मुकादम तो आधा इंच खाऊन टाकायचे, थानामागे कपडा वाचतो ना. मी सतरा वर्षं मुकादम होतो, एक कंप्लेंट दाखव." मग तिच्याकडे बघून, "कशाला विचारतेस?"

मैदान धुतलं तर आखडत नाही, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यात विनोद होता, नानांना आवडणारा. आई असती तर तिनं तो कधीच केला असता. "रिपोर्टात लिहावं लागतं," शैलजा म्हणाली. "मापाचं साधन."

"मग लिही. पितळी गज, घडी खातं. रामचंद्र सुपेकर, मुकादम. लिही बराबर." आणि मग, टीव्हीकडे बघत, "त्या दिल्लीच्या साहेबानं हात मिळवला होता माझ्याशी. निवडीच्या वेळी आलेला तो. बोलला, ऐसा ग्राउंड हमने बंबई में नहीं देखा. खुद्द त्यानं."

त्या संध्याकाळी तिनं भाजी चिरली, कपडे वाळत घातले, रुमाल उकळत्या पाण्यात टाकला, आणि गुणाकार केला नाही. सव्वीस गुणिले साडेछत्तीस, पाचवीतल्या मुलालाही जमलं असतं. आकडे डोक्यात आपणहून एकमेकांकडे सरकत होते आणि ती त्यांना हातानं बाजूला केल्यासारखं करत होती. उत्तर आधी काढून मग मोजायला गेलं की डोळा उत्तराकडे झुकतो, हे प्रॅक्टिकलच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. जोवर आकडा नाही तोवर बारा वर्षं जशी होती तशी राहणार होती. दिल्लीचे पंच चोर, असं नाना गल्लीत ज्याला त्याला सांगत राहणार होते, आणि आपला हात लांब, असं ती स्वतःला. दोघांनी एकाच घरात राहून दोन वेगळ्या कारणांची चूल मांडली होती आणि दोन्ही चुलींवर रोजचं शिजत होतं. नानांचं कारण तिला सांभाळण्यासाठी होतं, हे तिला फार पूर्वी कळलं होतं. तिचं कारण कुणाला सांभाळत होतं? आता तिसरं कारण मिळालं होतं, खरं, आणि ते पितळेचं होतं आणि साडेछत्तीस इंच लांब होतं, आणि नानांच्या हातात होतं. तिला ते सांगायचं होतं. हे तिनं स्वतःपाशी नाकारलं नाही. नाना, तुमच्यामुळे झालं, असं नाही; तेवढी ती दुष्ट नव्हती. फक्त एवढंच, की माझा हात लांब नव्हता. पण पहिलं वाक्य न बोलता दुसरं कसं बोलतात, ते तिला सापडेना. नुसता चादरीचा काठ ओढावा तर सगळी चादर हातात यावी, तसं ते होतं. खेळाच्या बातम्यांत पुन्हा त्या मुलीचा सामना दाखवला. ती हरली होती. हस्तांदोलन करून, पिशवी खांद्याला लावून, ती आत जात होती, आणि तिच्या पाठीवर देशाचं नाव होतं, घामानं ओलं, वाचता येण्यासारखं. शैलजानं ते पूर्ण वाचलं, जणू त्यात आणखी काही अक्षरं असतील.

सकाळी नंदू पुन्हा आला नाही. त्यानं शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला होता. नाना आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयारच होते. "मी धरतो टेप. रिकामाच तर आहे." तिनं नको म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या सदऱ्याच्या बाहीची घडी पाहून मिटलं. टेम्पोत ते तोंडाला रुमाल बांधून सरळ बसले होते, पाहुण्यांकडे निघाल्यासारखे. तीन वर्षांत ते त्या रस्त्यानं गेले नव्हते. मिलच्या फाटकावर नव्या सिक्युरिटीचा माणूस होता, विशीतला, त्यानं शैलजाचं पत्र पाहिलं आणि नानांना विचारलं, "और बाबूजी, आप कौन?"

"हम?" नाना म्हणाले. "हम टेप पकड़ने वाले."

"अंदर सँभल के जाना. साँप-वाँप रेते हैं."

"पहले भी रेते थे भिया. कुर्सी पे बैठते थे." त्या माणसाला कळलं नाही. शैलजाला कळलं, आणि हसू दाबताना तिला जाणवलं की आपण आज घरी जाऊन बोललोच तर हा आवाज पुन्हा असा यायला किती दिवस लागतील, ते मोजता येणार नाही.

मैदानापाशी येऊन नाना थांबले. खाली बसून त्यांनी एका खुंटीवरची माती अंगठ्यानं पुसली, तिचं डोकं दाबून पाहिलं, आणि ती हलत नाही याची खात्री झाल्यावर उठले. शैलजानं कालच लांबीच्या रेघेतलं गवत विळ्यानं कापून ठेवलं होतं, अर्धं. राहिलेलं दोघांनी मिळून पायानं दाबलं. पोलादी टेप, तीस मीटरचा. शून्याचं टोक तिनं आपल्याकडे ठेवलं आणि वाचायचं टोक नानांकडे दिलं. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. दिल्यावर तिच्या लक्षात आलं. टेप उलगडत नाना लांब गेले, तीस-पस्तीसच पावलं, पण दुसऱ्या टोकाला ते लहान दिसायला लागले. नेमके तिथेच, जिथे समोरची खेळाडू उभी राहते. तिनं कडी खुंटीच्या मध्यावर दाबून धरली. नानांनी टेप ताणला. सुतळी ताणायची सवय होती, पोलाद जमिनीपासून बोटभर वर उठून थरथरलं आणि स्थिर झालं. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं, टेप तापलेला नव्हता. वारा नव्हता. याहून चांगलं वाचन मिळालं नसतं.

"वाचा नाना."

नानांनी चष्मा वर सारला, खाली केला, पुन्हा वर सारला. "चोवीस," ते ओरडले. "चोवीस, आणि पुढे दहा."

"पुन्हा एकदा बघा. ढिला सोडून पुन्हा ताणा."

टेप खाली पडला, पुन्हा उठला. "चोवीस. दहा. पक्का."

ती उठली नाही. गुडघ्याखाली मातीचे खडे टोचत होते. तेवीस सत्त्याहत्तर वजा करून उरलेले तेहतीस सेंटिमीटर, अर्धे ह्या बाजूला, अर्धे त्या बाजूला, तिच्या आणि नानांच्या पुढ्यात सारखे वाटलेले. म्हणजे जाळ्यापासून मागच्या रेषेपर्यंत साडेसोळा जादा. दहातले आठ चेंडू जिथे पडायचे ती वीतभर पट्टी जवळजवळ सगळीच. दिल्लीच्या त्या लाल मातीवरचा चार-चारचा चेंडू इथे रेषेच्या आत पडला असता, आणि त्याच्यापुढचा, आणि त्याच्यापुढचा. नाना बारा वर्षं म्हणत होते ते खरं होतं. बॉल आत होता. त्यांच्या गजानं होता. वाक्य तयार होतं, छोटं, सगळ्या बाजूंनी तपासलेलं, ह्याच क्षणी मैदानापलीकडे ओरडून सांगण्याजोगं.

नाना टेप गुंडाळत तिच्याकडे येत होते. गुंडाळताना सदऱ्याच्या टोकानं पोलाद पुसत होते, गंजू नये म्हणून. जवळ आल्यावर जरा धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, "हे मीटर-बीटर मला नाही कळत. ह्याचे गज किती झाले?"

"सव्वीस," शैलजा म्हणाली.

"पुरते?"

"पुरते सव्वीस."

नानांनी मान हलवली, टेप तिच्या हातात दिला आणि रुमाल सोडून तोंड पुसलं. शैलजानं रजिस्टर गुडघ्यावर उघडलं. टेनिस मैदान, एक. मापाचं साधन, पोलादी टेप. वाचनं दोन. लांबी, चोवीस मीटर दहा सेंटिमीटर.